ओठ का सुजतात?



आंब्याचे दिवस आहेत, तेव्हा ओठांच्या ॲलर्जीचा विचार आंब्यापासूनच करू. आंबा चोखल्यावर एखाद्याचे ओठ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाजतात, सुजतात, बारीक फोड येऊन सोलवटतात. घरातले निदान तयारच असते: ‘आंबा उष्ण पडला.’ आम्हांला ते मान्य नाही. दोष रसाचा क्वचितच. तो देठाजवळच्या चिकाचा आणि सालीचा. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे. बिब्बा अंगावर उततो हे आपल्या आजीबाईंना ठाऊक होते. त्याच जातीची द्रव्ये आंब्याच्या चिकात असतात.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या पिर्के या वैद्याने १९०६ साली घडवला. तिचा हा प्रकार सावकाशीचा. पहिल्या स्पर्शाला काहीच होत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या द्रव्याची ओळख तेवढी ठेवतात. पुढच्या स्पर्शाला त्या जागेवर गोळा होतात, पण त्याला एक-दोन दिवस लागतात. म्हणून खरा चोर निसटतो. आंबा चोखावा सोमवारी, ओठ सुजावेत बुधवारी, आणि आळ यावा बुधवारच्या वांग्यावर! तेव्हा मागच्या दोन दिवसांत ओठांना काय लागले ते आठवावे. लिपस्टिक, ओठांचे मलम, टूथपेस्टमधला दालचिनीचा किंवा पुदिन्याचा स्वाद, यांतलेही काही असू शकते. उलगडा न झाल्यास त्वचारोगतज्ज्ञ संशयित द्रव्यांच्या पट्ट्या पाठीवर ४८ तास चिकटवून पाहतात. तापात ओठाच्या कडेला उठणारा फोडांचा पुंजका मात्र वेगळा, तो विषाणूचा.

दुसरा प्रकार घाईचा. कोलंबी किंवा शेंगदाणे पोटात जातात आणि काही मिनिटांतच ओठ फुगतो. हे हिस्टामिनचे काम. नुसता ओठ फुगला तर बहुधा तो ओसरतो. पण जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास अडला, घेरी आली, तर गोळी देऊन वाट पाहत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे. तेथे मांडीत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच त्यावरचा उपाय. रक्तदाबाच्या एनालाप्रिलसारख्या औषधांनीही ओठ असेच सुजतात, तेही कित्येक महिने औषध सुखाने घेतल्यावर. ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

ज्यांना केवळ सावकाशीचा त्रास होतो, त्यांनी आंबा सोडण्याचे सहसा कारण नाही. तो धुवावा, देठाकडचा भाग कापून टाकावा, साल दुसऱ्याने काढावी आणि फोडी काट्याने खाव्यात. आंबा खाताच ज्यांचा ओठ फुगला, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून हा प्रयोग करू नये.