मुकादमाची वही आणि आपलें नांव
(कळंब तालुक्यांतील ऊसतोड कामगारांच्या सभेंत झालेलें भाषण)



दसरा झाला. आतां भूम, वाशी, परांडा, कळंब या तालुक्यांतून कुटुंबेंच्या कुटुंबें कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, सातारा व कर्नाटकाकडे निघतील. भांडींकुंडीं, पोरेंबाळें, पीठमीठ सारें बरोबर न्याल. पण तुमच्या कष्टाचा कागद बहुतेकांजवळ नसेल. आज त्याच कागदाविषयीं बोलावयाचें आहे.

आधीं हिशेब करूं. जानेवारी २०२४ मध्यें तोडणीच्या मजुरींत ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. नवराबायको मिळून एक कोयता. तो दिवसाला दोन टन तोडतो असें धरा. दोघांची मिळून मजुरी झाली ७३२ रुपये. मुकादमाकडून एक लाखाची उचल घेतली असेल, तर ती फिटावयास सुमारें २७३ टन ऊस, म्हणजे एकही खाडा न करितां १३७ दिवस पाहिजेत. साडेचार महिने! पाऊस आला, गाडी अडली, बाई आजारी पडली, कीं दिवस बुडाला. उचल मात्र तशीच. हंगामाअखेर वही उघडते ती मुकादमाची, आणि मागची बाकी पुढच्या सालाच्या पानावर चढते. उसाचें वजन काट्यानें सांगितलें खरें, पण तें तुमच्यापर्यंत कोणी पोंचविलें?

कारखान्यास विचारा, तो म्हणतो, हे मजूर मुकादमाचे. मुकादमास विचारा, तो म्हणतो, पैसा कारखान्याचा. राबणारा तेवढा कोणाचाच नाहीं! म्हणूनच त्याला भविष्यनिर्वाह निधि नाहीं, भरपगारी रजा नाहीं. बाईची गत याहून वाईट. ती ऊस तोडते, मोळ्या वाहते, कोपींतली चूलही तीच पेटविते. पण वहींत कोयता एक आणि नांव नवऱ्याचें. उद्यां तो वारला, तर तिनें वीस वर्षें ऊस तोडला याला पुरावा काय?

कोणी म्हणेल, ज्याला एक धनी नाहीं त्याची नोंद कोण ठेवणार? याचें उत्तर महाराष्ट्रानेंच देऊन ठेविलें आहे. पाठीवर पोतीं वाहणारा माथाडी हमाल सकाळीं एका पेढीवर असे, दुपारीं दुसऱ्या. मुंबईंत अण्णासाहेब पाटील यांनीं या हमालांची संघटना बांधली, आणि १९६९ सालीं माथाडी कायदा झाला. त्याची युक्ति साधी आहे. मंडळांत व्यापाऱ्याचीही नोंद आणि हमालाचीही नोंद. व्यापाऱ्यानें मजुरी मंडळांत भरावयाची, वर लेव्ही वेगळी. मंडळानें मजुरी हमालास द्यावयाची आणि लेव्हींतून निधि, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा यांची तजवीज करावयाची. धनी दहा असले तरी वही एकच, आणि तींत नांव हमालाचें.

आपल्यासाठीं गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालें. पुण्यास त्याचें कार्यालय २०२२ सालीं उघडलें. कारखान्यांनीं टनामागें १० रुपये द्यावे व सरकारनें तेवढीच भर घालावी असें ठरलें. हें चांगलें झालें. परंतु ती मदत आहे, हिशेब नव्हे. आपली मागणी माथाडीच्या वाटेची पाहिजे: काट्याच्या पावतीवरून मजुरी, ती थेट खात्यांत, बाईची निम्मी बाईच्या खात्यांत, आणि निधीची लेव्ही कारखान्याकडून.

"मुकादम गेला तर उचल कोण देईल?" ही तुमची शंका खोटी नाहीं. घरांत दाणा नसतो, लेकीचें लग्न तोंडावर असतें. म्हणून उचल उद्यांच बंद करा असें मी म्हणत नाहीं. पण ती कागदावर असावी आणि त्याची नक्कल तुमच्यापाशीं असावी. कर्जापायीं माणसास वेठीस धरणें हा १९७६ च्या वेठबिगारी कायद्यानें गुन्हा आहे, हें विसरूं नका.

तरी गाडींत बसण्यापूर्वीं एवढें करा. ग्रामपंचायतींत ऊसतोड कामगाराचें ओळखपत्र मागा. नवऱ्याचें वेगळें, बायकोचें वेगळें. सेवा केंद्रावर ई-श्रमची नोंद करा. ती १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारास २०२१ पासून खुली झाली आहे. वीटभट्टीवर जाणाऱ्यांनीं, गवंड्याच्या हाताखालच्यांनींही ती करावी. बायकोचें बँकेंत स्वतःचें खातें काढा. आणि टोळींत ज्याला लिहितां येतें त्यानें रोजची तारीख, फड, गाडीचा नंबर व टन लिहून ठेवावे.

यानें काय होणार असें म्हणूं नका. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्या जमविल्या. त्यांत किती तरी शेतकऱ्यांचींच पोरें होतीं. रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजीं. सहा वर्षें लागलीं, पण मिळाली. एकट्याची वही खोटी पाडतां येते. दहा टोळ्यांच्या दहा वह्या घेऊन गेलांत, तर त्या खोट्या पाडणें कोणासही सोपें जाणार नाहीं.