गाणं कुणाचं, सही कुणाची



आज मी मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड्स या कंपनीविषयी बोलणार आहे. संगीताच्या व्याख्यानात गायकांपेक्षा कंपनीबद्दल जास्त ऐकावं लागणार, याची तयारी ठेवा. ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह, आयझॅक हेज, स्टेपल सिंगर्स ही सोल संगीतातली मोठी नावं या एका कंपनीच्या छपराखाली गायली, आणि १९७५ च्या डिसेंबरात या कंपनीला टाळं लागलं. डिस्कोची लाट आली, लोकांची आवड बदलली आणि सोल मागे पडलं, असं त्याचं कारण नेहमी सांगितलं जातं. मला ते पटत नाही. स्टॅक्सचं गाणं शेवटपर्यंत विकलं जात होतं. कंपनी बुडाली ती करारांमुळे, वितरणामुळे आणि कर्जामुळे. ते कसं झालं, हेच मला आज सांगायचं आहे.

सुरुवात अगदी साधी आहे. जिम स्टुअर्ट हे मेम्फिसमधल्या एका बँकेत नोकरी करायचे आणि संध्याकाळी कंट्री संगीताच्या मंडळींबरोबर फिडल वाजवायचे. १९५७ साली त्यांनी सॅटेलाइट नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. ध्वनिमुद्रणाचं चांगलं यंत्र घ्यायला पैसे नव्हते. त्यांची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन, त्याही बँकेतच कामाला, युनियन प्लँटर्स बँकेत. त्यांनी नवऱ्याला राजी केलं, राहतं घर गहाण ठेवलं आणि भावाला अँपेक्सचं यंत्र घेऊन दिलं. पुढे कॅलिफोर्नियात सॅटेलाइट याच नावाची दुसरी कंपनी निघाली, तेव्हा १९६१ मध्ये दोघांच्या आडनावांची सुरुवातीची अक्षरं जोडून ‘स्टॅक्स’ हे नाव आलं.

१९६० मध्ये त्यांनी मॅकलेमोर अव्हेन्यूवरचं कॅपिटॉल हे बंद पडलेलं सिनेमा थिएटर भाड्यानं घेतलं. या जागेपाशी मला जरा थांबायचं आहे, कारण स्टॅक्सचा आवाज या जागेनं घडवला. खुर्च्या काढल्या, पण पडद्याकडे उतरत जाणारी जमीन सपाट करायला पैसे नव्हते, म्हणून ती तशीच राहिली. पडद्याच्या जागी, रंगमंचावर, नियंत्रण कक्ष झाला. भिंतींवर जाड पडदे लावले, तरी ती खोली घुमायचीच. कलाकार एकमेकांपासून दूर उभे असत आणि एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायला किंचित वेळ लागे. मग अल जॅक्सनच्या ड्रमची काठी आणि स्टीव्ह क्रॉपरचा गिटारवरचा हात एकमेकांकडे बघत चालू लागले. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा आघात केसभर उशिरा पडू लागला. स्टॅक्सची तबकडी लावल्यावर पहिल्या काही क्षणांत मान हलू लागते, ती या उशिरामुळे. कित्येक वर्षं एकाच ट्रॅकवर मुद्रण होत होतं. सगळ्यांनी एकदम वाजवायचं, आणि एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. नोटेशन लिहून समोर ठेवलेलं नसे. ओटिस रेडिंग ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाल्यांना त्यांच्या जागा तोंडानं गाऊन दाखवायचा आणि ते तशा वाजवायचे.

थिएटरमध्ये पूर्वी जिथे खाऊ विकायचे, तिथे एस्टेलबाईंनी रेकॉर्डचं दुकान थाटलं. या दुकानाचं महत्त्व मला स्टुडिओइतकंच वाटतं. भोवतालची वस्ती काळ्या लोकांची होत चालली होती. शाळा सुटली की मुलं दुकानात यायची आणि बाई त्यांना नव्या तबकड्या ऐकवायच्या. कोणत्या गाण्यावर पाय हलले, कोणतं गाणं पुन्हा लाव म्हणाले, हे त्या बघून ठेवत आणि आत जाऊन भावाला सांगत. क्रॉपर याच दुकानात काउंटरवर उभा राहायचा. डेव्हिड पोर्टर समोरच्या किराणा दुकानात कामाला होता, तो रस्ता ओलांडून आला आणि गीतकार झाला. बुकर टी. जोन्स शाळकरी पोरगा होता. रूफस थॉमस आणि त्यांची मुलगी कार्ला यांच्या पहिल्या गाण्यावर सॅक्सोफोन वाजवायला त्याला शाळेतून बोलावून आणलं होतं. दोन वर्षांनी, १९६२ मध्ये, त्याच पोराच्या ऑर्गननं ‘ग्रीन अनियन्स’ देशभर गाजलं. बुकर टी. अँड द एमजीज या त्याच्या चौकडीत काळे आणि गोरे एकत्र होते. ज्या शहरातल्या बहुतेक हॉटेलांत हे चौघे एका टेबलावर बसून जेवू शकत नव्हते, त्या शहरात ते रोज एका खोलीत बसून गाणी बसवत होते. स्टॅक्सबद्दल दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहावं.

त्याच १९६२ च्या उन्हाळ्यात जॉनी जेंकिन्स नावाचा गिटारवादक जॉर्जियाहून मुद्रणासाठी आला. गाडी चालवत एक धिप्पाड तरुण त्याच्याबरोबर आला होता. जेंकिन्सचं काम काही जमेना. त्या तरुणानं दिवसभर अल जॅक्सनच्या मागे लकडा लावला होता, माझं एक गाणं ऐका. दिवस संपता संपता थोडा वेळ उरला, तेव्हा क्रॉपर पियानोवर बसला आणि तरुण गायला. गाणं होतं ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ आणि गाणारा होता ओटिस रेडिंग.

आता करार. ‘कॉज आय लव्ह यू’ या रूफस आणि कार्ला थॉमस यांच्या गाण्यानं १९६० साली न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्सचं लक्ष वेधलं. अटलांटिकचे जेरी वेक्सलर आणि स्टुअर्ट यांचं ठरलं की स्टॅक्सनं गाणी करायची आणि अटलांटिकनं ती देशभर पोचवायची. हा व्यवहार हातात हात देऊन, तोंडी झाला, आणि पाच वर्षं तो सुखानं चालला. अटलांटिकनं सॅम अँड डेव्ह यांना मेम्फिसला पाठवलं. आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर या जोडीनं त्यांच्यासाठी ‘होल्ड ऑन, आय ॲम कमिन’ आणि ‘सोल मॅन’ लिहिली. १९६५ मध्ये व्यवहार कागदावर आणायचं ठरलं. स्टुअर्टना एकाच गोष्टीची काळजी होती. अटलांटिक कधी विकली गेली आणि वेक्सलर तिथे राहिले नाहीत, तर आपल्याला मोकळं होता यावं. ते कलम त्यांनी घालून घेतलं. बाकीचा करार त्यांनी बारकाईनं वाचला नाही आणि वकिलालाही दाखवला नाही. बँकेत काम केलेल्या माणसानं न वाचता सही केली.

१९६७ मध्ये अटलांटिक वॉर्नर ब्रदर्स-सेव्हन आर्ट्सला विकली गेली. आता वेगळं व्हावं म्हणून स्टुअर्टनी कागद काढले, तेव्हा कळलं की अटलांटिकनं वितरित केलेल्या स्टॅक्सच्या सगळ्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी करारानं अटलांटिकची झाली होती. आपल्यालाही या कलमाची कल्पना नव्हती, असं वेक्सलर यांनी पुढे सांगितलं. सॅम अँड डेव्हही अटलांटिककडे परत गेले. त्याच सुमारास, १० डिसेंबर १९६७ ला, विस्कॉन्सिनमधल्या मोनोना सरोवरात विमान कोसळून ओटिस रेडिंग गेला. २६ वर्षांचा होता. त्याच्या साथीला असलेल्या बार-केज या तरुण वाद्यवृंदातली चार मुलंही गेली. विमानातला एकटा बेन कॉली वाचला. काही दिवसांपूर्वीच मुद्रित केलेलं ‘डॉक ऑफ द बे’ क्रॉपरनं लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज घालून पुरं केलं. गायकाच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं गाणं.

आणि मग १९६८ चा एप्रिल. मेम्फिसच्या तेराशे सफाई कामगारांचा संप फेब्रुवारीपासून चालू होता. कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कामगार मेले होते, त्यातून तो उभा राहिला. संपाला पाठिंबा द्यायला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आले. १९५९ मध्ये आपल्या मुंबईत मणिभवनात मुक्काम केलेले हेच किंग. ते लॉरेन मोटेलमध्ये उतरले. हे मोटेल स्टॅक्सच्या मंडळींचं दुसरं घर होतं, कारण काळे-गोरे तिथे एकत्र बसू शकत. ‘इन द मिडनाइट अवर’ आणि ‘नॉक ऑन वुड’ याच मोटेलच्या खोल्यांत लिहिली गेली. त्याच मोटेलच्या सज्जात ४ एप्रिलला किंग यांना गोळी घातली गेली. शहर पेटलं. मॅकलेमोरवरच्या स्टुडिओला कुणी हात लावला नाही, पण आतला मोकळेपणा पुन्हा तसा राहिला नाही.

अशा अवस्थेत कंपनी खरं तर संपायची. ती उभी राहिली अल बेल यांच्यामुळे. बेल हे मूळचे रेडिओ निवेदक, १९६५ पासून स्टॅक्सच्या प्रचाराचं काम बघणारे. १९६८ मध्ये स्टॅक्स गल्फ अँड वेस्टर्न या उद्योगसमूहाला विकली गेली होती. गाण्यांचा जुना साठा हातचा गेलेला. बेल यांनी १९६९ मध्ये काही महिन्यांत २७ अल्बम एकदम बाजारात आणले. त्यात आयझॅक हेजचा ‘हॉट बटर्ड सोल’ होता. चारच गाणी, त्यातलं एक अठरा मिनिटांहून मोठं. रेडिओला तीन मिनिटांची गाणी लागत, त्या काळात तो दहा लाखांहून जास्त विकला गेला. १९७० मध्ये स्टुअर्ट आणि बेल यांनी कंपनी परत विकत घेतली. तोवर एस्टेलबाई बाहेर पडल्या होत्या. ‘शाफ्ट’ या चित्रपटाच्या शीर्षकगीतासाठी हेजना ऑस्कर मिळालं. २० ऑगस्ट १९७२ ला लॉस एंजेलिसच्या कॉलिझियममध्ये ‘वॉटस्टॅक्स’ ही स्टॅक्सची मैफल झाली. त्याच शहरातल्या वॉट्स वस्तीत १९६५ मध्ये झालेल्या दंगलीची ती आठवण होती. तिकीट एक डॉलर, श्रोते लाखाहून अधिक.

त्याच वर्षी बेल यांनी सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीशी वितरणाचा करार केला आणि स्टुअर्ट यांचा हिस्सा विकत घ्यायचं ठरवलं. माझ्या मते स्टॅक्सचा शेवट इथे सुरू होतो. स्टॅक्सच्या तबकड्या विकल्या जात त्या काळ्या वस्त्यांतल्या छोट्या दुकानांत, आणि तिथे माल पोचवायचे छोटे स्वतंत्र वितरक. सीबीएसचा माल मोठ्या दुकानांत जायचा. त्या गल्ल्यांत त्यांची माणसं फिरकत नसत. हा करार केला होता सीबीएसच्या क्लाइव्ह डेव्हिस यांनी. १९७३ मध्ये त्यांनाच कंपनीनं काढून टाकलं आणि तिथे स्टॅक्सला कुणी वाली उरला नाही. माल मागवला जाई, गोदामात पडून राही, आणि पुढे सीबीएसनं देण्यातला मोठा हिस्सा अडवून धरला.

दोष सगळा बाहेरचा होता असं मी म्हणणार नाही. स्टॅक्समध्ये पैशाचा हिशेब ढिला होता. १९७२ च्या अखेरीस कंपनीशी संबंधित एक माणूस बर्मिंगहॅमच्या विमानतळावर १ लाख ३० हजार डॉलर रोख घेऊन सापडला आणि सरकारी चौकशी मागे लागली. उत्पन्न थांबलं तरी खर्च चालू राहिला, आणि तो युनियन प्लँटर्स बँकेच्या कर्जावर चालला. स्टुअर्ट यांनी कंपनी वाचवायला स्वतःची मिळकत तारण ठेवली आणि ती गमावली. हेजना मानधन मिळेना, ते कोर्टात गेले आणि कंपनी सोडून गेले. तरीही १९७४ मध्ये शर्ली ब्राउनचं ‘वुमन टु वुमन’ दहा लाखांवर विकलं गेलं. गाणं आटलं होतं म्हणणाऱ्यांनी या एका तबकडीचं उत्तर द्यावं.

१ ऑक्टोबर १९७५ ला अल जॅक्सनचा त्याच्या घरी खून झाला. १९ डिसेंबरला दिवाळखोरीचा आदेश घेऊन मार्शल मॅकलेमोरवर आले आणि सगळ्यांना बाहेर काढलं. बेल यांच्यावर बँकेला फसवल्याचा खटला झाला, १९७६ मध्ये ते निर्दोष सुटले. ती इमारत १९८९ मध्ये पाडली गेली. २००३ मध्ये त्याच जागी, तसाच दर्शनी भाग बांधून, संग्रहालय उभं राहिलं. शेजारी वस्तीतल्या मुलांसाठी संगीत अकादमी आहे. १९६८ नंतरची गाणी आधी फँटसी आणि मग काँकर्ड या कंपन्यांकडे गेली. काँकर्डनं २००६ मध्ये स्टॅक्स हे नाव पुन्हा चालू केलं.

पण ओटिस रेडिंगची, सॅम अँड डेव्हची, ‘ग्रीन अनियन्स’ची मूळ ध्वनिमुद्रणं आजही स्टॅक्सची नाहीत. १९६५ च्या त्या सहीनं ती अटलांटिककडे गेली आणि अजून तिथेच आहेत.