पडद्यावरचा कृत्रिम दुभाषी

ज्यांना रेडिओचा काडीचाही उपयोग नाही अशा प्रेक्षकांविषयी आज रेडिओवरूनच बोलायचं आहे. ब्रिटनमध्ये १९९६च्या प्रसारण कायद्याने डिजिटल टीव्हीवरचे काही कार्यक्रम खुणांच्या भाषेत देणं बंधनकारक केलं आणि वाहिन्यांपुढे पेच पडला. कोपऱ्यातला दुभाषी ऐकू येणाऱ्यांच्या डोळ्यांत खुपतो; तो हवा त्यालाच दिसावा, तर त्याचं वेगळं चित्र पाठवणं त्या काळी फार महाग. बीबीसीने तर असे बरेचसे कार्यक्रम अपरात्री लावले. त्याच सुमारास नॉर्विचमध्ये संगणकावर माणसं घडवण्याचे प्रयोग झाले. कल्पना अशी, की चित्राऐवजी फक्त हालचालींची माहिती पाठवायची आणि घरच्या सेट-टॉप बॉक्सने तिच्यावरून आकृतीचे हात हलवायचे. म्हणजे मूळ अडचण बहिऱ्यांची कमी आणि प्रक्षेपणातल्या जागेची जास्त होती. आता इंटरनेटवरून हाडामांसाच्या दुभाष्याचं चित्र हवं तेव्हा वेगळं दाखवता येतं. मग कृत्रिम दुभाष्याची गरज नेमकी किती उरते?

त्या प्रयोगांतली सायमन नावाची पहिली आकृती पडद्यावरच्या इंग्रजी मजकुराचे शब्द त्याच क्रमाने खुणांत मांडी. पण ब्रिटिश सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी बोललेली इंग्रजी नव्हे. तिचं व्याकरण चेहऱ्यावरही असतं: भुवया वर गेल्या की हो-नाहीचा प्रश्न, आक्रसल्या की ‘कोण’, ‘कुठे’. एखाद्या माणसाला हवेत डावीकडे जागा दिली, की पुढे तिकडे बोट किंवा नजर वळवली तरी ‘तो’ कळतो. भुवया गोठलेल्या आकृतीचे हात कितीही सफाईदार असोत, प्रश्न विधान होऊन बसतो. टपाल कचेरीच्या खिडकीसाठी केलेली टेसा सरस ठरली, कारण तिच्यासाठी सुटे शब्द नव्हे, तर सांकेतिक भाषेतली अख्खी वाक्यं ती भाषा बोलणाऱ्या माणसाच्या अंगावर सेन्सर लावून टिपली होती. शिवाय तिला ठरावीक वाक्यंच बोलायची होती.

कुणी म्हणेल, पडद्यावर खाली लिहून येणाऱ्या ओळी असताना हा खटाटोप कशाला? ज्याची पहिली भाषा खुणांची आहे त्याला त्या ओळी परक्या भाषेत वाचाव्या लागतात, हे त्याचं उत्तर. दुसरा आक्षेप वजनदार आहे: दुभाषे थोडे, बातम्या चोवीस तास, काहीच नसण्यापेक्षा आकृती बरी. हवामानाच्या ठरीव वाक्यांपुरतं मला हे मान्य आहे. जपानच्या एनएचके वाहिनीने ते करूनही पाहिलं आहे. जागतिक बधिर महासंघानेही २०१८ मध्ये साधारण हीच रेघ ओढली: आधी तयार करता येणाऱ्या साच्यातल्या मजकुराला आकृती चालेल, जिवंत दुभाष्याची जागा तिने घेऊ नये. महापुराच्या इशाऱ्यात मात्र चुकीची खूण नसलेल्या खुणेहून घातक.

आपल्याकडे दूरदर्शनवर कर्णबधिरांसाठी बातम्या १९८७ पासून आहेत, तर भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये आलं. त्याचा दहा हजार शब्दांचा कोश मोलाचा आहे. पण कोशातल्या खुणा एकापुढे एक लावल्या की सायमनच तयार होईल. म्हणून वाहिनीने आकृती विकत घेण्याआधी एक करावं: खालच्या ओळी झाकून ती कर्णबधिर प्रेक्षकांना दाखवावी, आणि बातमी काय होती ते त्यांनाच विचारावं.