ब्रेकवर साठ किलो

माझी बहीण निगडीला राहते. तिच्या मुलीच्या खोलीत खिडकीला लागून ॲल्युमिनियमचा एक सांगाडा उभा आहे. त्यावर बकेट सीट बोल्टने आवळलेलं, समोर स्टिअरिंग, पायाशी पेडल आणि पुढ्यात मोठा स्क्रीन. घरबसल्या मोटार रेसिंगचा सराव करण्याचं हे साधन, सिम्युलेटर. भाचीने मला पहिल्यांदा त्यात बसवलं आणि म्हणाली, "मामा, वळण आलं की ब्रेक दाब." मी रोज गाडीत दाबतो तसा दाबला. गाडी सरळ वाळूत गेली. "अजून जोरात, मामा. भिंत ढकलतोयस असं समज."

मी अठ्ठावीस वर्षं गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घेतल्या. त्यामुळे पायाखाली काय लागलं ते मला लगेच कळलं, आणि आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

साध्या खेळाच्या पेडलमध्ये एक स्प्रिंग असते आणि एक पोटेन्शियोमीटर. जुन्या रेडिओचा आवाज वाढवायला आपण बटण पिळायचो ना, त्याच्या मागे असायचा तोच हा भाग. पेडल किती खाली गेलं, एवढंच तो मोजतो. भाचीच्या पेडलमध्ये त्याच्या जागी लोड सेल आहे, म्हणजे किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तो. पेडल किती सरकलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही, पायाने किती जोर दिला ते तो मोजतो. हा फरक फार मोठा आहे. पाऊल नेमकं किती सेंटिमीटर खाली गेलं हे आपल्याला नीट सांगता येत नाही, पण किती जोर लावला ते स्नायूंच्या लक्षात राहतं. खऱ्या गाडीच्या ब्रेकमध्येही तेलाचा दाब असतो, पेडल थोडंसंच सरकतं आणि मग दगडासारखं घट्ट होतं. खास रेसिंगसाठी बांधलेल्या गाडीत सहसा आपल्या गाडीसारखा पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही नसतो. फॉर्म्युला वनचा चालक शंभर किलोपेक्षा जास्त जोर देतो. भाचीने आपला ब्रेक साठ किलोवर लावून ठेवला आहे.

आता हिशोब करून पाहा. एका फेरीत दहा वेळा ब्रेक, फेरी पावणेदोन मिनिटांची. तासाभरात साडेतीनशेच्या आसपास वेळा साठ किलो. तेही नुसतं दाबून भागत नाही. सुरुवातीला पूर्ण जोर, आणि वळणात शिरताना तो हळूहळू सोडत न्यायचा. टायरची पकड ठरावीक असते. ती सगळी थांबण्यात खर्च केली तर वळायला काही उरत नाही. शिवाय वेग उतरला की गाडीला जमिनीवर दाबून धरणारा हवेचा भार कमी होतो, म्हणूनही पाय सैल करावा लागतो. साठावरून पन्नास, पस्तीस, दहा, आणि हे सगळं दोन-तीन सेकंदांत. मांडी आणि पोटरी तर थकतातच, पण पाय पुढे रेटला की कंबर मागे रेटली जाते, म्हणून कमरेलाही तेवढंच काम पडतं. सुरुवातीला भाची चाकांच्या खुर्चीवर बसायची. ब्रेक दाबला की खुर्चीच मागे पळायची! म्हणून तो सांगाडा आला. ॲल्युमिनियमचे प्रोफाइल भोसरीतून कापून आणले. कारखान्यांत मशीनची चौकट ज्याची करतात तेच. खाली जाड रबरी मॅट टाकली, कारण खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला हादरे बसत होते.

स्टिअरिंगचं थोडक्यात सांगतो. स्वस्त चाकात छोटी मोटर आणि गिअर असतात, त्यांचा जोर दोनेक न्यूटन मीटर. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये चाक थेट मोटरच्या दांड्यावर बसतं. आठ न्यूटन मीटरची मोटर असेल, तर तीस सेंटिमीटरच्या चाकाच्या कडेला साडेपाच किलोच्या आसपास जोर येतो, आणि तो हातांनी सतत पेलावा लागतो. अपघातात चाक एकदम उलटं फिरतं, म्हणून अंगठे आऱ्यांत अडकवायचे नाहीत. माझं मत विचाराल तर पैसे मोजकेच असतील तेव्हा ते आधी ब्रेकवर घालावेत, स्टिअरिंग नंतर.

सिम्युलेटरमध्ये काय मिळत नाही, तेही सांगायला हवं. वळणावर शरीर बाजूला फेकलं जाण्याचा जोर इथे नाही. फॉर्म्युला वनमध्ये तो गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट होतो. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो, त्याचे मानेवर तीसच्या वर होतात. खाली हलणारे प्लॅटफॉर्म मिळतात, पण ते काही सेंटिमीटरच हलतात. झटका देतात, सततचा दाब देऊ शकत नाहीत. डोळ्यांना वेग दिसतो आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो, आपण स्थिर आहोत. त्यामुळे व्हीआर चष्मा लावला की अनेकांना मळमळतं.

मग गाडी घसरणार हे शरीराला कळतं कसं? हाताला कळतं. पुढचे टायर पकड सोडू लागले की स्टिअरिंग अचानक हलकं होतं. आणि कानाला कळतं. रेडिओवरून बोलतोय म्हणून हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. टायर मर्यादेवर असतो तेव्हा तो गुणगुणतो, मर्यादा ओलांडली की किंचाळतो. एकदा डोळे मिटून मी तिच्या फेऱ्या नुसत्या ऐकल्या. कुठल्या वळणावर तिने ब्रेक उशिरा सोडला ते मला सांगता आलं.

हा सराव खऱ्या ट्रॅकवर कामी येतो का? जर्मनीतला न्यूर्बुर्गरिंग ट्रॅक घ्या. त्याचा जुना भाग, नॉर्डश्लाइफे, जवळजवळ 21 किलोमीटरचा. सिम्युलेटरसाठी असे ट्रॅक लेझरने मोजतात, त्यामुळे रस्त्यावरचे उंचवटेसुद्धा जागच्या जागी असतात. सप्टेंबर 2025 मध्ये फॉर्म्युला वनचा चालक मॅक्स व्हर्स्टॅपन तिथे चार तासांच्या शर्यतीत फेरारी घेऊन उतरला आणि जिंकला. तोवर चार वेळा विश्वविजेता झालेल्या या माणसालाही आधी कमी ताकदीची गाडी चालवून परवाना मिळवावा लागला होता. पण तो ट्रॅक त्याने सिम्युलेटरवर वर्षानुवर्षं घोटलेला होता. त्याचा जोडीदार ख्रिस लुलम तर सिम्युलेटरवरच्या शर्यतींमधूनच खऱ्या गाडीपर्यंत पोहोचलेला. ही बातमी भाचीने मला रात्री फोन करून सांगितली, तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं कोल्हापूरला गो-कार्ट चालवायला गेलो. पहिल्याच वळणावर तिने साठ किलोच्या सवयीने ब्रेक दाबला. कार्टचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना. चाकं जाम झाली आणि कार्ट गर्रकन उलटं फिरलं. दुसऱ्या फेरीत तिने पाय हलका केला, पाचव्या फेरीपर्यंत टायर गुणगुणायला लागले. मी कठड्याशी उभा राहून ऐकत होतो. उतरली तेव्हा तिचे हात थरथरत होते आणि उजवी बरगडी दुखत होती. कार्टला सस्पेन्शन नसतं, प्रत्येक खड्डा थेट सीटच्या कडेतून अंगात शिरतो.

येत्या रविवारी पुन्हा जायचं आहे. या वेळी तिने बरगड्यांना बांधायचं जॅकेट मागवलं आहे.