खाणीतली आई आणि कप्तानाचा मित्र



चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा त्यांना वाटले असावे की, आम्ही हमालांची मजुरी किंवा १९६९ चा माथाडी कायदा यांवर बोलू. आम्ही म्हणालो, ‘स्टार ट्रेक’ नावाची अमेरिकन मालिका आणि तिच्यातल्या पात्रांवरून चाहते घालतात ते वाद. चिटणीस क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “भाऊ, लोक येतील ना?” आपण आलात, हे आमचे भाग्य.

आमची शाळा लवकर सुटली. त्याआधी एका सुटीत नागपुरास मामांकडे असताना दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका पाहिली. इंग्रजी कळत नव्हते. पण तीन माणसे मनात बसली : कप्तान किर्क, टोकदार कानांचा स्पॉक, आणि त्या दोघांशी सदान्‌कदा भांडणारा डॉक्टर मॅकॉय. स्पॉकची आई माणूस, बाप दुसऱ्या ग्रहावरचा. राग नाही, हसू नाही, सगळा हिशेबाचा मामला. अशा माणसाला मित्र असतो की नाही, हाच वादाचा मूळ मुद्दा.

हा वाद काही आजचा नव्हे. मालिका सुरू झाली १९६६ साली. १९६७ सालीच अमेरिकेतल्या चाहत्यांनी ‘स्पॉकनेलिया’ नावाचे हौशी नियतकालिक काढून त्यात स्पॉकच्या मनाची चिरफाड आरंभली. पुढे मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागताच ट्रिंबल नावाच्या पति-पत्नींनी पत्रांची मोहीम उभारली. कंपनीवर पत्रांचा असा मारा झाला की, मार्च १९६८ मध्ये तिला पडद्यावरून सांगावे लागले, मालिका चालू राहील. संघटना बांधणाऱ्याने टोपी काढावी असे हे काम! पुढे १९६९ साली मालिका बंद पडलीच, ती गोष्ट निराळी.

आता आमच्या कचेरीत रविवारी संध्याकाळी हमालांची मुले जमतात. परवा त्यांनी ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा १९६७ चा भाग लावला. गोष्ट खाणीची आहे. परक्या ग्रहावरच्या खाणीत एक दगडी प्राणी कामगारांना जाळून मारतो आहे. पन्नासएक माणसे गेली. साऱ्या वस्तीचा श्वास ज्या पंपावर, नेमका तोच त्याने पळवला. कोठे धरले म्हणजे कारभार बंद पडतो, हे त्याला कळत होते. आमच्या काही पुढाऱ्यांना कळत नाही. अखेर उलगडा होतो की तो प्राणी आई आहे. खाणीत सापडलेले हजारो गोल गोटे ही तिची अंडी, आणि कामगार ती अजाणता फोडत आहेत. त्यांतलाच एक गोटा साहेबाच्या टेबलावर शोभेला ठेवलेला! शेवटी तडजोड होते. पिलांनी बोगदे खणावेत, माणसांनी धातू उचलावा. जखमी आईला डॉक्टर काँक्रीट लावून बुजवतो, आणि वर कुरकुरतो की आपण डॉक्टर आहोत, गवंडी नव्हे.

पण पोरांचा वाद तडजोडीवर नव्हता. कप्तानाचा हुकूम होता, दिसताच मारा. स्पॉक म्हणाला, मारू नये, जिवंत धरावा. पुढे बोगद्यात कप्तान एकटा त्या प्राण्यासमोर सापडतो, तेव्हा हाच स्पॉक दुरून सांगतो, मारा, ताबडतोब मारा! आणि कप्तान थांबतो. एक पोरगा म्हणाला, स्पॉकने तत्त्व सोडले. दुसरा म्हणाला, तत्त्व नव्हे, हिशेब बदलला. आठवीतली एक मुलगी म्हणाली, मित्र मरेल म्हणून तो भ्याला, एवढेच. तासभर कोणी कोणाचे ऐकेना.

मग तीच आम्हांला म्हणाली, “काका, स्पॉक साऱ्यांसमोर कप्तानाच्या हुकमाविरुद्ध बोलला. तरी कप्तानाने त्याला जहाजावरून उतरवले नाही.”

आम्ही चहा सांगायला बाहेर आलो. दहा वर्षांपूर्वी एका जिनिंगमध्ये सतरा दिवस काम बंद होते. संघटनेच्या पहिल्या दिवसापासूनचा आमचा सोबती म्हणाला, “आता मालकापुढे बसू. लोकांच्या घरी पीठ उरले नाही.” त्यालाच आम्ही भर सभेत ‘मालकाचा माणूस’ म्हटले. टाळ्या पडल्या. तडजोड पुढे झाली, ती जवळजवळ त्याने सांगितलेल्याच आकड्यावर. तो मात्र कचेरीची पायरी पुन्हा चढला नाही, आणि आम्हीही बोलावले नाही. कप्तान आम्ही होतो ना!

गेल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला. माफीचे शब्द काही जुळेनात, म्हणून खाणीची गोष्टच सांगितली, अगदी डॉक्टरच्या काँक्रीटपर्यंत. त्याने मान खाली घालून सगळी ऐकली. मग म्हणाला, “ते ठीक. पण त्या पिलांची मजुरी किती ठरली?”

आम्ही पाहिलेल्या भागात तो आकडा नाही. रविवारी तो कचेरीत येणार आहे, स्वतः पाहायला.