आंबेनळीचा घाटरस्ता

पुण्याहून साताऱ्यास जातांना सुरूर गांवापाशीं एक रस्ता उजवीकडे फुटतो. वाई, पसरणीचा घाट, पांचगणी, महाबळेश्वर असा चढत जाऊन तो कोंकणांत पोलादपुरास उतरतो. सरकारी दप्तरीं पुष्कळ वर्षें त्याची नोंद राज्यमार्ग म्हणून होती. त्याच्या पूर्वार्धाचें वर्णन हवा खाण्यास येणाऱ्या मंडळींनीं भरपूर करून ठेवलें आहे. श्रोत्यांनीं लक्ष द्यावें तें उत्तरार्धाकडे, म्हणजे महाबळेश्वर ते पोलादपूर या सुमारें ४० किलोमीटरांच्या आंबेनळी घाटाकडे.

जुनी वाट निराळी होती. ती रडतोंडीच्या घाटानें थेट पार गांवीं उतरे. चढणाऱ्याची अवस्था तिच्या नांवांतच आली. साहेबलोकांनीं मात्र त्याचें 'रोटंडा' करून त्यांतलें रडणें घालविलें! १६५९ सालीं अफजलखानाची फौज वाईहून याच वाटेनें जावळीच्या अरण्यांत उतरली. उतरणें साधलें, परंतु १० नोव्हेंबर रोजीं खान पडल्यावर परतणें साधलें नाहीं. १६५६ सालीं जावळी घेऊन प्रतापगड बांधविणाऱ्या शिवाजीमहाराजांनीं या वाटेचें मर्म आधींच ओळखलें होतें. पारजवळ कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल आजहि उभा आहे.

शत्रूस जी वाट बिकट, ती महाडच्या बंदराकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यासहि बिकटच. रडतोंडीनें गाडी उतरविणें दुरापास्त. म्हणून इंग्रजी अमदानींत नवा घाट बांधण्यांत आला. तो १८७६ सालीं पुरा झाला व त्यास गव्हर्नर फिट्झजेरल्ड यांचें नांव देण्यांत आलें. लोकांनीं तें टाकून आंबेनळी हेंच ठेविलें, हें योग्यच झालें. साडेचार हजार फुटांचा उतार बैलांस झेपावा म्हणून डोंगराची कूस कापून वळणावर वळण घेतलें. पण कापलेल्या कुशीवर वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. पाणी मुरतें, माती सुटते आणि दरड खालीं येते.

२८ जुलै २०१८ रोजीं दापोलीहून सहलीस निघालेली एक बस या घाटांत दरींत कोसळली. तींतील एकच इसम वांचला. तोच दरी चढून वर आला आणि त्यानेंच वर्दी दिली. जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत रस्ता जागोजाग तुटून कित्येक दिवस बंद पडला. सहलकरी अशा वेळीं दुसरें ठिकाण पाहतो. वाडा कुंभरोशी, पार यांसारख्या गांवांतल्या आजाऱ्यास मात्र वर महाबळेश्वर गांठावें लागतें किंवा खालीं पोलादपूर, आणि दोन्हींकडे जाणारा रस्ता हाच आहे.