पायातलं पाणी परत वर कसं जातं?

मंडळी, तुम्ही मला हृदयावर बोलायला बोलावलंत आणि मी बोलणार आहे पायांवर. हृदयाचं कौतुक पुष्कळ झालंय. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही ते मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त ढकलतं. ते रक्त फिरून माघारी येतं, हे विल्यम हार्वेनं 1628 साली दाखवून दिलं. धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र त्याला दिसल्या नाहीत. त्या माल्पिगीनं 1661 मध्ये बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या. चक्र पुरं झालं असं वाटलं.

पण चक्र गळकं आहे, आणि गळकंच असायला हवं. केशवाहिन्यांच्या भिंती झिरपत्या आहेत म्हणून पेशींना अन्न मिळतं, आणि त्यांतूनच पाणीही पाझरतं. या पाझरातलं दिवसाला अंदाजे 3 लिटर पाणी लसिकावाहिन्या गोळा करून रक्तात परत आणतात. पेशी वगळल्या तर अंगातल्या रक्तात द्रव असतो तोच मुळी 3 लिटरच्या आसपास! पाट आणला पण चर खणला नाही, की रान चिबड होतं, हे तुम्हाला मी काय सांगणार?

हा चर पहिल्यांदा नजरेत भरला तो गास्पारे असेल्ली या इटालियन डॉक्टरच्या, 1622 साली. जेवून तृप्त झालेल्या कुत्र्याचं पोट त्यानं उघडलं, तर आतड्यांभोवती पांढरे धागे. मज्जातंतू असतील म्हणून एक कापला, तर दुधासारखा द्राव बाहेर आला. पुढच्या, उपाशी कुत्र्यात धागेच दिसेनात. जेवणातली चरबी याच वाटेनं जाते, म्हणून पोट भरलेलं असतानाच या लसिकावाहिन्या पांढऱ्या दिसतात.

या वाहिन्यांना हृदय नाही. आत झडपा असतात, त्या पाणी मागे येऊ देत नाहीत. भिंती हळूहळू आकसतात, पोटऱ्या हलल्या की दाब मिळतो, श्वासाचीही मदत होते. असं चढत चढत दोन्ही पायांतलं पाणी मानेच्या मुळाशी, डावीकडे, मोठ्या शिरेत पडतं. दिवसभर खुर्चीत बसलेल्यांचे पाय संध्याकाळी जड का होतात, त्याचं निम्मं उत्तर इथं आहे.

वाटेत ग्रंथी लागतात: जांघेत, काखेत, गळ्यात. टाचेत बाभळीचा काटा मोडला आणि जांघेत अवधाण आलं, हे खेड्यात कुणाला नवं नाही. होतं असं, की काट्याबरोबर शिरलेल्या जंतूंचे तुकडे कातडीतल्या पेशी उचलतात आणि लसिकेतून ग्रंथीत नेतात. तिथं असंख्य टी आणि बी पेशी असतात, पण प्रत्येक पेशी एकाच घाटाचा शत्रू ओळखते. जुळणाऱ्या थोड्याच. त्या सापडल्या की त्यांच्या भराभर पिढ्या निघतात. प्रतिपिंडं तयार व्हायला काही दिवस लागतात. गाठ सुजते ती या धामधुमीनं. म्हणून अवधाण चोळत बसू नका, टाचेतला काटा काढा. न दुखणारी गाठ मात्र काही आठवडे राहिली, तर डॉक्टरला दाखवा.

आता आपल्या पूर्व विदर्भाचं जुनं दुखणं, हत्तीपाय. क्युलेक्स डासातून आलेला त्याचा जंत नेमका लसिकावाहिन्यांतच वर्षानुवर्षं राहतो. वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात, पाणी पायातच साचतं. बोटांच्या बेचक्यात कातडी चिरली की जीवाणू शिरतात, थंडी वाजून ताप येतो, आणि अशा प्रत्येक तापानंतर सूज थोडी वाढते. पाय रोज साबणानं धुवून बेचक्या कोरड्या ठेवल्या, तर हे ताप बरेच थांबतात. इतका स्वस्त उपाय, पण आपण तो नेटानं सांगत नाही, याचा मला राग आहे.

जंताची पिल्लं रात्री रक्तात उतरतात, म्हणून तर तपासणीची पथकं रात्री दार वाजवतात. त्यांना परत पाठवू नका. डासांची ये-जा थांबावी म्हणून संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा. हत्तीपायाविरुद्धच्या मोहिमेत वाटतात त्या गोळ्यांनी आलेली सूज उतरत नाही, पण रक्तातली पिल्लं मरतात आणि डासाला पुढे न्यायला काही उरत नाही. गोळ्या घेतल्यावर थोडा ताप आला, तर बहुतेक वेळा तो मरणाऱ्या पिल्लांमुळे असतो. गरोदर बाया, दोन वर्षांखालची बाळं आणि गंभीर आजारी सोडून बाकी सगळ्यांनी, मला काही झालेलं नाही असं म्हणणाऱ्यांनी तर आधी, त्या गोळ्या खिशात न टाकता आशाताईंसमोरच गिळाव्यात.